गॉलला पोचायची घाई नको

हातातलं घड्याळ काढून ठेवा. मोबाइलही ठेवून द्या. त्याला इथे रेंज यायला अजून पन्नासेक वर्षं आहेत. आता खाली बघा. पायात कॅनव्हासचे बूट, खाकी हाफपँट, सुती सदरा. डोक्यावर सोला हॅट आहे, ती जरा मागे सारा म्हणजे कपाळ मोकळं होईल. 1937 सालचा जानेवारी आहे, अजून उजाडायचंय, आणि तुम्ही सिलोन बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, बेंतोट्याच्या रेस्टहाउसच्या व्हरांड्यात उभे आहात. समुद्र दिसत नाही, पण माडांच्या पलीकडून त्याची गाज सारखी येतेय. ओठांवरून जीभ फिरवलीत तर मीठ लागेल.

रेस्टहाउसचा कारभारी चहा घेऊन येतो. कमरेला पांढरं वस्त्र, वर काळा कोट, मागे नेऊन अंबाडा बांधलेले केस आणि त्यावर कासवाच्या पाठीचा अर्धगोल कंगवा. टक लावून बघू नका. या किनाऱ्यावरच्या जुन्या वळणाच्या पुरुषांचा हा रुबाब आहे. तरुण मंडळी आता केस कापून घेतात, त्यामुळे असा कंगवा दिवसभरात तुम्हाला क्वचितच भेटेल. चहा काळा आणि कडक आहे, साखर नाही. बशीत कितुलच्या गुळाचा खडा आहे. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरला माड. खडा दाढेखाली धरा आणि वरून चहाचा घोट घ्या. हं, आता डोळे उघडले.

खांबाला टेकून उभी आहे ती तुमची सायकल. काळी रॅले, 28 इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, ब्रूक्सची चामड्याची सीट, मागच्या हबमध्ये तीन गिअर. चांगली जड आहे, पण एकदा वेग घेतला की रस्ता सोडत नाही. सीटखालच्या पिशवीत सोल्यूशन, रबराचे तुकडे आणि पाना. कॅरिअरवर टॉवेल. खिशात सेंटची चिल्लर; त्यातलं गोल कोपऱ्यांचं चौकोनी नाणं पाच सेंटचं, अंधारातही बोटांना ओळखू येतं.

गॉल इथून सुमारे 34 मैल. रस्ता सपाट, डांबरी, समुद्राला धरून जाणारा. दमदार माणूस सकाळी निघून जेवायला गॉलमध्ये असेल. तुम्हाला मात्र संध्याकाळ होणार आहे, आणि ती व्हावी अशीच माझी इच्छा आहे. या किनाऱ्याचा सगळा संसार रस्ता आणि लाटा यांच्यामधल्या अरुंद पट्टीत उघड्यावर चालतो. मोटारीतून जाणाऱ्याला त्यातलं निम्मं दिसतं आणि वास एकही येत नाही. सायकलवाल्याला सगळं मिळतं, आणि हाक मारली तर थांबताही येतं.

चला, मारा टांग.

पहिले दोन-तीन मैल गारवा आहे. डाव्या हाताला माडांमागे आभाळ तांबूस होतंय, उजवीकडे समुद्र राखाडी आहे. घराघरांतून चुलींचा धूर निघून रस्त्यावर उतरतो आणि तुम्ही त्यातून जाता: ओलं लाकूड, खोबरेल, सुकत घातलेली मासळी. केळीच्या आडून एखादी बाई विहिरीवर पाणी ओतून घेताना दिसते. तुमची घंटी ऐकून कुत्री भुंकतात, पण उठत मात्र नाहीत.

इंदुरुवाच्या आसपास वर बघा. माडांच्या शेंड्यांमधून काथ्याचे दोर ताणलेत, एका झाडावरून दुसऱ्यावर, जोडीजोडीने. खालच्या दोरावर पाय, वरच्या दोराला हात आणि कमरेला भोपळ्याचं भांडं अशा थाटात एक माणूस हवेतून चाललाय. आपल्याकडचा भंडारी प्रत्येक माडावर चढतो आणि उतरतो. हा सकाळी एकदाच चढतो आणि दोरांवरून झाडामागून झाड करत जातो. मधूनच ठक-ठक ऐकू येतं. तो पोय हलक्या हाताने ठेचतोय, रस सुटावा म्हणून. भरलेलं भांडं दोराने खाली येतं, आणि खाली उभा असलेला पोरगा करवंटी भरून तुमच्यापुढे धरतो. पिऊन टाका. आत्ता ती गोड आहे, वर फेस आहे, आणि मागाहून किंचित आंबूस चव येते. दुपारी हीच माडी तुमच्या पायांशी भांडेल, म्हणून एकच करवंटी घ्या.

याच माडीने आंबवलेलं पीठ पुढच्या वळणावरच्या टपरीत वाट पाहतंय. टपरीला इथे 'कडे' म्हणतात. झावळ्यांचं छप्पर, एक बाकडं, केळ्यांचा लोंबता घड. बाई लहानशा खोलगट कढईत पीठ ओतते, कढई गोल फिरवते, वर निखाऱ्यांचं झाकण ठेवते. उतरतो तो आप्पा: कडेला करकरीत जाळी, मधे मऊ आणि जाड. सोबत मिरची, कांदा, मीठ आणि मालदीवच्या सुक्या मासळीचा चुरा पाट्यावर वाटून केलेली चटणी. शेजारच्या टोपलीत तांदळाच्या शेवयांची वेटोळी आहेत, इंदिआप्पा. मालवणी माणसाला ओळख करून द्यायला नको, हे आपले शिरवाळेच. बोटं भाजतील, तरी गरम असतानाच तोडा. चटणीने नाक वाहू लागलं की टपरीतले सगळे खूश होतात.

"कोहेद यन्ने?" बाकड्यावरचा म्हातारा विचारतो. कुठे निघालात? हा प्रश्न आज तुम्हाला प्रत्येक गावात विचारला जाणार आहे. ती इथली रामरामाची पद्धत आहे. "गाल्लट," म्हणा. गॉलला. तो तुमच्या सायकलकडे बघतो, रस्त्याकडे बघतो, आणि सर्व्हिस मोटारीने का जात नाही म्हणून खरोखरच्या काळजीने विचारतो.

त्याचं उत्तर लगेच मिळतं. मागून भोंगा वाजतो, आणि दोन मोटारी एकमेकींना खेटून धुरळा उडवत येतात. मालक वेगळे, उतारू तेच, त्यामुळे पुढच्या थांब्यावर आधी कोण पोचतो याच्यावर दिवसाची कमाई ठरते. क्लीनर दाराला लटकून "गाल्ल, गाल्ल" ओरडतोय. टपांवर कोंबड्या, केळी, गाठोडी. रस्त्याखाली उतरा, त्यांना जाऊ द्या. त्यांच्यामागून झावळ्यांच्या विणलेल्या छपराची बैलगाडी येते. गाडीवान झोपलाय, बैलांना वाट पाठ आहे.

कोसगोड्याला वाळूवर उतरलात तर रात्रीच्या खुणा दिसतील. समुद्रातून वर आलेला आणि परत गेलेला एक रुंद माग, दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ठसे. कासवीण अंडी घालून गेली. कुणीतरी पहाटेच तिथे उकरून टोपली भरून नेलीय. बाजारात अंड्यांना गिऱ्हाईक आहे. मन जरा खट्टू होतं. होऊ द्या.

आणि आता हाक ऐका. शंभर माडांपलीकडून सुरात येणारी, एका आवाजाने सुरू होऊन पन्नास आवाजांनी उचललेली. सायकल माडाला लावा आणि धावा.

रापण ओढतायत! इथे तिला मादेल म्हणतात, पण बघताक्षणी कळतं की ही वेंगुर्ल्याची, मालवणची रापणच आहे. पहाटे होडीने जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकून आलेत, आणि आता त्याची दोन टोकं किनाऱ्यावरच्या दोन रांगा ओढतायत. लुंग्या कमरेला खोचलेल्या, पाठी घामाने चमकणाऱ्या. आजोबांपासून शाळा बुडवलेल्या पोरांपर्यंत सगळे. रांगेच्या शेवटी तुमच्यासाठी जागा आहे. धरा दोर. ओल्या काथ्याचा तो दोर मनगटाएवढा जाड आहे, मिठाने चरचरतो, आणि पहिल्याच हिसक्याला तळहाताची सालं काढतो. पुढचा माणूस एक ओळ म्हणतो, सगळे तिला जबाब देतात आणि जबाबावर एक पाऊल मागे जातात. शब्द कळले नाहीत तरी चालेल, ताल चुकवू नका. टाचा वाळूत रोवा. पाठीचा कणा ताणला जातोय, मांड्या थरथरतायत, ऊन आता डाव्या कानावर तापतंय. मागे, मागे. दोराचं टोक हातात आलं की ते गुंडाळणाऱ्याकडे द्यायचं आणि पळत जाऊन पाण्याजवळ पुन्हा रांगेत लागायचं.

तासभर असंच. तुम्हाला वाटतं संपतच नाही. मग जाळ्याचे काथ्याचे पंख वाळूवर येतात, गाणं भरभर होतं, कावळे आणि घारी जमतात, टोपल्या घेतलेल्या बायका पुढे सरकतात, आणि बारीक सुताची मधली पिशवी फेसातून वर येते. आत चांदी उसळतेय. तारली, बांगडे, हातभर लांबीचं काहीतरी निळं. मासळीचा ताजा गार वास एकदम अंगावर येतो. दलाल आणि मुकादम मोठमोठ्याने भाव करतात. भांडण नाही ते, लिलाव आहे. ज्याने ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा ठरलेला. तुमच्याही ओंजळीत कुणीतरी तारली टाकतं, कुणी विचारत नाही की तुम्ही कोण. जवळच्या कडेवालीला नेऊन द्या, ती मीठ-हळद लावून तळून देईल. तळहात दिवसभर हुळहुळणार आहेत.

बालपिटियाला मदू नदीवरचा पूल ओलांडला की वाऱ्यात गोड तिखट वास मिसळतो. एका झावळ्यांच्या मांडवात चार-पाच माणसं जमिनीवर मांडी घालून बसलीत. या, बसा त्यांच्यात.

दालचिनी सोलतायत. शेजारी अंगठ्याएवढ्या जाडीच्या ओल्या फांद्यांची मोळी आहे. वाकड्या पात्याने आधी वरची करडी साल खरवडून काढतात. तिचा चुरा तुमच्या पायांवर साचत जातो. मग पितळेचा एक गुळगुळीत दांडा घेऊन फांदी जोरजोराने घासतात, त्याने आतली साल लाकडापासून सुटते. हातातल्या छोट्या सुरीने लांबीला एक चीर, बरोबर समोरच्या बाजूने दुसरी. सुरीचं टोक आत सारून हलकेच उचललं की साल अखंड निघून येते: ओलसर, फिकट, कागदाइतकी पातळ. जिथे गाठ आली तिथे सोलणाऱ्याचा श्वास थांबतो आणि अंगठा वळतो. एवढंच त्याचं कसब, आणि ते बापाकडून मुलाकडे येतं. साली एकीत एक सरकवून साडेतीन फुटांच्या नळ्या करतात आणि छपराखालच्या दोऱ्यांवर सावलीत वाळत घालतात. एक ओली कपची चावून बघा. आधी गोड, मग जिभेच्या कडांना गरम. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, खडबडीत साल पुष्कळदा मिळते ती वेगळ्या झाडाची. एकदा हा वास घेतलात की ती जाड साल तुम्हाला पुन्हा कुणी या नावाने देऊ शकणार नाही.

अंबलंगोडा येतं तेव्हा सूर्य डोक्यावर आहे. डांबर मऊ झालंय, टायर चिकटल्याचा चर्र आवाज येतो, सदरा पाठीला घट्ट बसलाय. हा वेडेपणा थांबवा. रेस्टहाउस समुद्राला लागून आहे; तोंड धुवा, जेवायला बसा. भात, नारळाच्या रसात शिजवलेला नीरफणस, डाळ, ओल्या खोबऱ्याचं तिखट लाल सांबोल, आणि मातीच्या सुगडात आलेलं आंबुल तियल. हे नीट बघा. कुप्याच्या चौकोनी तुकड्यांवर काळं जाड आवरण आहे. ते आहे गोरका, कोकमाच्याच कुळातलं आंबट फळ, मिरी आणि मिठाबरोबर वाटलेलं. रस्सा नाही, सगळं आटवलेलं. या उष्ण हवेतही ते दिवसचे दिवस टिकतं. कोकम खाऊन वाढलेल्या माणसाच्या जिभेला हे आंबट ओळखीचं वाटतं आणि तरीही नवं. भात पुन्हा मागा, त्यांना आवडेल. मग आरामखुर्चीत पाय वर घेऊन झोपा. सगळं गाव झोपलंय.

उठलात की गल्लीत एक ढोल वाजत असेल. आवाजामागे जा. मुखवटे कोरणाऱ्याच्या ओसरीवर कदुरु लाकडाचे हलके ठोकळे पडलेत, भिंतीवर बटबटीत डोळे आणि सुळे. आजार आणणारे अठरा यक्ष आहेत, प्रत्येकाचा चेहरा वेगळा: एक बहिरा, एक आंधळा, एकाचं तोंड वाकडं. घरात दुखणं रेंगाळलं की रात्रभर ढोल वाजवून, हे चेहरे घालून नाचून, त्या यक्षांना अंगणात बोलावतात, त्यांची थट्टा करतात, देणं देतात आणि घालवून देतात. कारागीर एक मुखवटा तुमच्या चेहऱ्यावर धरतो. आत ओल्या रंगाचा आणि लाकडाचा उग्र वास आहे, आणि तुमचाच गरम श्वास परत तोंडावर येतोय. बाहेरची पोरं किंचाळून पळतात.

पुढे अकुरल्याला चुन्याच्या भट्ट्या, प्रवाळ जाळून चुना करतात. पांढऱ्या धुराने डोळे चुरचुरतात, जोरात पायडल मारा. आगगाडी फाटकाशी तुम्हाला अडवते. इंजिनाचा कोळसा अंगावर उडतो, खिडक्यांतून हात हलतात, तुम्हीही हलवा.

सीनिगमाला मात्र उतरा. गाड्या इथे थांबतात, चालक देवाच्या पेटीत नाणं टाकतो आणि पुढे जातो. देवोल देवाचं मूळ ठिकाण किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर खडकाळ बेटावर आहे. होडीत तुमच्याबरोबर एक मध्यमवयीन बाई बसलीय, ओठ घट्ट मिटलेले. तिच्या घरातून कानातले चोरीला गेलेत. देवळात पाटा-वरवंटा आहे. ती सुक्या मिरच्या आणि मिरी पाट्यावर घेते आणि वाटायला लागते, आणि वाटताना पुटपुटते. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, हे तेच, फक्त हातांनी घातलेलं. मिरची जशी इथे वाटली जातेय तशी आग चोराच्या अंगाची होवो. ठसका हवेत चढतो. तुमच्या घशात काटे उभे राहतात, डोळ्यांतून पाणी वाहू लागतं, पुजारीही खोकतोय. ती एकटी खोकत नाही. परतताना होडीत तिचा चेहरा सैल झालेला असतो. ती तिच्या पिशवीतली विड्याची पानं काढून तुमच्यापुढे धरते. नाही म्हणू नका.

हिक्कडुव्याला टॉवेल काढा. प्रवाळाच्या भिंतीआड पाणी संथ आणि गुडघाभर आहे. बूट काढू नका, प्रवाळ पाय कापतं. बसा त्यात गळ्यापर्यंत. पिवळे पट्ट्यापट्ट्यांचे मासे तुमच्या पोटऱ्यांशी येऊन बघून जातात.

या गावाशी मराठी माणसाचं एक जुनं देणं आहे. पालीचे थोर पंडित हिक्कडुवे सुमंगल इथले. त्यांनी 1873 साली कोलंबोत विद्योदय विद्यालय काढलं. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा या एकाच ध्यासाने गोव्यातून निघालेले धर्मानंद कोसंबी 1902 साली त्यांच्याच दारी पोचले, त्यांच्याकडून श्रामणेर झाले आणि पाली शिकले. पुढे मराठीत बुद्धाबद्दल जे सरळ, स्वच्छ लेखन त्यांनी केलं त्याची सुरुवात या माणसापासून झाली. सुमंगलांना जाऊन आता 26 वर्षं होत आलीत. गावातून जाताना वेग कमी करा.

दोडंदुव्याचा वास तुम्हाला गावाआधी भेटेल, आणि तो गोड नाही. खाजणात नारळाची सोडणं महिनोन्‌महिने कुजत ठेवलीत. सडक्या अंड्यांचा दर्प. पण नाक धरून निघून जाऊ नका. काठावर बायका बसल्यात, ओंडक्यावर सोडण ठेवून लाकडी दांडक्याने बडवतायत, धपधप, धपधप, आणि काळ्या घाणीतून सोनेरी काथ्या मोकळा होतोय. सकाळी तुम्ही ओढलेला दोर इथूनच गेला. माडांवरचे दोरही. आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या त्या उलांडीच्या होड्या बघा: एक लोखंडी खिळा नाही, फळ्या याच काथ्याने शिवल्यात. म्हणून लाटेवर आपटल्या तरी त्या फुटत नाहीत, दबतात आणि सावरतात.

खाजणात पलीकडे झाडीने भरलेलं एक बेट आहे, पोल्गस्दुव. तिथे जर्मनीतून आलेले भिक्षू ञाणतिलोक यांनी 1911 साली मठ उभारला. भिक्षू मध्यान्हीनंतर जेवत नाहीत, त्यामुळे दान नेणाऱ्या होड्या केव्हाच परतल्यात. बडवणाऱ्या बायका त्या बेटाकडे बघून हात जोडतात आणि पुन्हा दांडकं उचलतात.

गिंतोट्याचा पूल, मग घरं दाट होतात, मोटारींचे भोंगे वाढतात, आणि संध्याकाळच्या गर्दीतून गॉलच्या किल्ल्याचा तट समोर येतो. दरवाज्यातून सायकल हातात धरून आत शिरा. गल्ल्यांत खोबरेलाचे दिवे लागतायत, मशिदीतून बांग येतेय. उंबऱ्यावर बसलेल्या बायका मांडीवरच्या उशीवर लेस विणतायत. लाकडी रिळं एकमेकांवर आपटून टकटक करतात आणि बोटं दिसत नाहीत इतकी भरभर चालतात. खड्यांचे व्यापारी तुमची हॅट बघून धावत येतात. मिरचीने अजून लाल असलेले तुमचे डोळे आणि काथ्याने सोललेले तळहात बघितल्यावर ते हसून मागे सरतात. तटावर सगळं शहर हवा खायला आलंय. बसा तिथे, एक शहाळं फोडून घ्या.

गॉलच्या पुढे रस्ता असाच समुद्राला धरून माताऱ्यापर्यंत आणखी 28 मैल जातो. आगगाडी आहे, सर्व्हिस मोटारीही आहेत. तुम्ही सायकलच घ्या, आणि सकाळी निघण्याआधी मागच्या चाकात हवा भरून घ्या.